सिंडिकॅलिझममधला 'सिंडिक' कोण?

प्रश्न आला आहे : "'ॲनार्को-सिंडिकॅलिझम'ला मराठीत काय म्हणावं? एका लेखात 'अराजकवादी टोळीशाही' असं वाचलं. बरोबर आहे का?"

साफ चूक. शिवाय ही चूक वारंवार कानावर पडते, म्हणून जरा चिडूनच लिहितो. 'अराजक'चा दंगाधोपा हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडून देऊ. मूळ शब्द म्हणजे राजा नसलेलं, एवढंच. शांतिपर्वात भीष्म कृतयुगाचं वर्णन करतात : राजा नव्हता, 'न दण्डो न च दाण्डिकः' (दंड नव्हता, दंड देणाराही नव्हता), प्रजा धर्मानेच एकमेकांना सांभाळत असे. पुढे ते बिघडलं म्हणून राजा आणावा लागला, हे भीष्मांचं म्हणणं. फ्रेंच विचारवंत प्रूधाँने १८४० मध्ये अभिमानाने स्वतःला अराजकवादी म्हणवून घेतलं, ते त्या पहिल्या अवस्थेवर विश्वास ठेवून, असं मी मानतो.

आता 'सिंडिकेट'. काँग्रेसमधल्या निजलिंगप्पा, कामराज, स. का. पाटील यांच्या गटाला हे नाव पडलं आणि आपल्याकडे बंद दाराआड डाव शिजवणारी मंडळी हा अर्थ घट्ट बसला. फ्रेंचमध्ये मात्र 'सँदिका' म्हणजे साधी कामगार संघटना. त्यामागे 'सिंडिक', म्हणजे प्रतिनिधी. आणि त्याच्याही मागे ग्रीक 'सुंदिकोस' : न्यायालयात दुसऱ्याच्या बाजूने उभा राहणारा. 'सुन्' म्हणजे सोबत, 'दिके' म्हणजे न्याय. हा 'दिके' आपल्या 'दिश्' धातूचा सख्खा भाऊ! दिशा, आदेश, उपदेश ही सगळी त्याच घरची. दाखवणं हा मूळ अर्थ, त्यावरून योग्य वाट, त्यावरून न्याय. काही हौशी व्युत्पत्तिकार 'सुन्' म्हणजे आपला 'सम्' असं ठोकून देतात. ते चूक आहे. 'सम्'चे ग्रीक नातेवाईक 'होमोस' आणि 'हामा'. उच्चार जुळला की नातं जुळवायचं, ही खोड मराठी व्युत्पत्तीला फार नडली आहे.

'सुंदिकोस' प्रत्यक्षात कसा दिसतो ते बार्सिलोनात १९१९ मध्ये दिसलं. 'ला कॅनाडिएन्स' या वीज कंपनीने आठ कारकुनांना काढलं. त्यांच्यामागे कचेरीतले सहकारी उभे राहिले, मग कंपनीतले इतर, मग शहरातले कामगार. दिवे गेले, ट्राम थांबल्या, छापखान्यातल्या कामगारांनी संपाविरुद्धचा मजकूर छापायला नकार दिला. ४४ दिवस संप चालला आणि स्पेनमध्ये आठ तासांच्या दिवसाचा हुकूम निघाला. हे जमलं, कारण सेएनते (CNT) या स्पेनमधल्या अराजकवादी कामगार महासंघाच्या कातालोनियातल्या शाखेने आदल्याच वर्षी सान्सच्या अधिवेशनात सुतारांचा वेगळा, लोहारांचा वेगळा असे संघ मोडून एका उद्योगाचा एकच संघ करायचं ठरवलं होतं. या चळवळीची रीत अशी : पक्ष नको, निवडणूक नको; थेट कृती आणि सार्वत्रिक संप. निर्णय तळातल्या सभेत, प्रतिनिधी केव्हाही परत बोलावता येणारा, पगारी पदाधिकारी जवळजवळ नाहीतच. सेजेते (CGT) या फ्रेंच कामगार महासंघाच्या १९०६ च्या आमियँ सनदेत पुढचंही लिहून ठेवलं आहे : आज लढ्याचं साधन असलेला संघच उद्या उत्पादन आणि वाटप पाहील.

यात टोळी कुठे दिसली? 'अराज्यवादी कामगारसंघवाद' लिहा. 'अराजकवादी' चालेल, पण वर्तमानपत्री वाचक पुन्हा दगडफेकच समजेल, म्हणून 'अराज्य' बरं.