वर्णद्वेष की वर्णभेद?

एका शिक्षिकेने विचारले आहे: १६ जूनच्या 'आफ्रिकी बालक दिना'ची माहिती शाळेच्या फलकावर लिहायची आहे, 'वर्णद्वेषाविरुद्ध लढलेली मुले' लिहावे की 'वर्णभेदाविरुद्ध'?

वर्णभेद लिहा. वर्तमानपत्रांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात, पण इथे, दक्षिण आफ्रिकेतल्या मुलांच्या लढ्याबद्दल लिहिताना, फरक पडतो. द्वेष मनात असतो, भेद कायद्यात लिहिता येतो. तिथल्या गोऱ्या सरकारच्या, माणसांना वंशानुसार वेगळे ठेवण्याच्या धोरणाचे नाव 'अपार्थाइड'. हा मूळ शब्द आफ्रिकान्स या त्या राज्यकर्त्यांच्या भाषेतला आहे. 'अपार्ट' म्हणजे वेगळे, आणि पुढचा प्रत्यय आपल्या '-पणा'सारखा. म्हणजे निव्वळ 'वेगळेपणा'. (मराठीत रूढ झालेल्या 'अपार्थाइड'मधल्या थ ला खरे तर जागा नाही. ट एका घटकातला, ह दुसऱ्यातला. मूळ उच्चार साधारण 'अपार्टहेट'.) या शब्दात द्वेषाचा मागमूस नाही, आणि राज्यकर्त्यांना तेच सोयीचे होते. पुढे तर ते या धोरणाला 'स्वतंत्र विकास' म्हणू लागले. आपण 'द्वेष' म्हटले की त्यांना कानांवर हात ठेवता येतात. 'भेद' म्हटले की १९५० च्या कायद्यांवरच बोट ठेवले जाते: माणसांची वंशवार नोंदणी करणारा एक, कोणी कुठे राहायचे ते ठरवणारा दुसरा. शिवाय भेद हा भिद् धातूपासून आलेला, म्हणजे फोडणे, चिरणे. 'वेगळेपणा'त दडलेली कृती त्यात उघडी होते.

'वंशभेद'ही चालेल. वर्ण म्हटल्यावर आपल्याकडे चातुर्वर्ण्य आठवते हे खरे, पण वाक्यात दक्षिण आफ्रिका आली की गोंधळ उरत नाही.

आणि त्या मुलांकडे पाहा. १९५३ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांचे शिक्षण आधीच वेगळे पाडले होते. १९७४ च्या आदेशाने गणित आणि सामाजिक शास्त्रांसारखे विषय आफ्रिकान्समधून शिकणे सक्तीचे झाले. ज्या भाषेने 'वेगळेपणा' हा शब्द दिला, त्याच भाषेतून! १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतले हजारो विद्यार्थी गणवेशात रस्त्यावर उतरले ते या आदेशाविरुद्ध. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात मारला गेलेला हेक्टर पीटरसन १२ वर्षांचा होता. कोणाच्या मनातला द्वेष काढा, एवढेच मागायला ती मुले निघाली नव्हती. त्यांना एक लेखी हुकूम रद्द करून हवा होता.

फलकावर असे लिहिता येईल: 'वर्णभेदी सरकारच्या भाषासक्तीविरुद्ध सोवेटोतील विद्यार्थ्यांनी १६ जून १९७६ रोजी मोर्चा काढला. १९९१ पासून हा दिवस आफ्रिकी बालक दिन म्हणून पाळला जातो.'