पुणे की लीड्स? टॅक्सआधी सातबारा बघा

ताई, मुलाला पुण्यात २० लाख पगार आणि ब्रिटनमधल्या लीड्सहून वर्षाला ४५,००० पौंडांची ऑफर. टॅक्स कुठं कमी, हा तुमचा प्रश्न. इथं कमी. पण जायच्या आधी तासगावची द्राक्षबाग त्याच्या नावावर करणार, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ग्यानबाची मेख तिथंच आहे.

आधी पगार. २०२५-२६ च्या नवीन टॅक्स रिजीमप्रमाणे ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन जाऊन सेससकट १,९२,४०० रुपये बसतात, दहा टक्क्यांच्या आत. ब्रिटनमध्ये पहिले १२,५७० पौंड माफ आणि पुढं ५०,२७० पर्यंत २० टक्के, म्हणजे ६,४८६ पौंड. वर नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे तिथली सामाजिक सुरक्षेची कपात, ८ टक्के, आणखी २,५९४. झाले वीस टक्के. हा इन्शुरन्स पीएफसारखा नाही, नोकरी सोडली म्हणून काढता येत नाही. पहिल्या पगारस्लिपवर टॅक्स कोड १२५७एल, म्हणजे १२,५७० ची माफी धरलेला, आहे का, तेवढं बघायला सांगा. बीआर असेल तर पहिल्या पौंडापासून २० टक्के कापलेले असतात.

आता बाग. आपल्याकडं शेतीचं उत्पन्न करमुक्त, फार तर दर ठरवताना धरतात. ब्रिटनमध्ये अशी माफी नाही. मुलगा तिथला रहिवासी झाला की तासगावच्या सौद्यात विकलेल्या बेदाण्याचा नफाही त्याला तिथं दाखवावा लागतो, पैसा इथंच राहिला तरी. दुहेरी कर टाळायचा करार आहे, पण इथं टॅक्सच भरला नाही तर तिथं वजावट कशाची मागणार?

एप्रिल २०२५ पासून एक सवलत आली आहे. आधीची दहा वर्षं तिथला रहिवासी नसलेल्याला पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सूट. मात्र ती घेतली की त्या वर्षीची १२,५७० ची माफी जाते. म्हणजे औषधं, मजुरी वजा जाता बागेचा नफा १२,५७० पौंडांच्या आत असेल, तर सूट मागणं तोट्याचंच. आणि चार वर्षांनंतर तीही नाही.

म्हणून बक्षीसपत्राची घाई नको. बाग वडिलांच्याच नावावर असू द्या, नफाही त्यांच्याच खात्यात.

जॉइनिंग कधी आहे? नोकरीसाठी जाणाऱ्याचे आर्थिक वर्षात इथं १८२ दिवस भरले, तर त्या वर्षीचा पौंडांतला पगारही इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. तारीख कळवा, मग पुढचं सांगतो.