मानेतली गाठ, टीबीच्या गोळ्या आणि लिम्फोमाची भीती

प्रश्न: डॉक्टर, मी गे आहे, वय ३४, माझी एचआयव्ही टेस्ट दर सहा महिन्यांनी निगेटिव्ह येते. पार्टनर पॉझिटिव्ह आहे, सहा वर्षं एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीच्या) गोळ्या नियमित चालू, व्हायरल लोड अनडिटेक्टेबल म्हणजे रक्तातला व्हायरस टेस्टमध्ये सापडत नाही इतका कमी, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) सुरुवातीला ९० होता आता ४२० आहे. महिन्यापूर्वी त्याच्या मानेत गाठ आली, दुखत नाही. इथल्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि टीबीच्या गोळ्या लिहून दिल्या. नेटवर वाचलं की गे पुरुषांना लिम्फोमा (गाठींमधल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) जास्त होतो. खरंय का? मलाही होईल का? घरी कुणालाच माहीत नाही, विचारणार कुणाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आधी गाठीचं बोलू. गाठ तपासल्याशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू करू नका, आणि केल्या असतील तर मनाने बंदही करू नका, पण आठवड्याभरात बायोप्सी (गाठ काढून तपासणी) करून घ्या. आपल्याकडे मानेत गाठ म्हणजे टीबीच असं धरून चालतात, बऱ्याचदा ते खरंही निघतं, पण एचआयव्ही असताना टीबी आणि लिम्फोमा वरून अगदी सारखे दिसतात, संध्याकाळचा ताप, अंथरूण भिजेल एवढा घाम, वजन उतरणं, सगळं सेम. माझ्याकडे एकजण पाच महिने टीबीच्या गोळ्या खाऊन आला होता, सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी झालेली, बोटाखाली खोडरबरासारखी लागत होती. काढून तपासली तर हॉजकिन लिम्फोमा, लिम्फोमाचा एक प्रकार. ते वाया गेलेले पाच महिने मला अजून छळतात.

आता तुमचा प्रश्न. गे असणं हे लिम्फोमाचं कारण नाही, हे अगदी मनापासून सांगतो. हा समज आला कुठून तर १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चार गे तरुणांना बर्किटसारखा (झपाट्याने वाढणारा) लिम्फोमा झाल्याचं डॉक्टरांनी लिहिलं, तेव्हा एचआयव्ही सापडलाच नव्हता, मग संशय माणसांवर आणि त्यांच्या जगण्यावर गेला. व्हायरस सापडला १९८३ ला, आणि १९८५ मध्ये असे लिम्फोमा एड्सच्या व्याख्येत आले.

होतं काय, की आपल्यातल्या दहापैकी नऊ मोठ्या माणसांच्या अंगात ईबीव्ही नावाचा व्हायरस लहानपणापासून झोपलेला असतो. सीडी४ पेशी कमी झाल्या की त्याच्यावरचा पहारा उठतो. शिवाय एचआयव्ही बी पेशींना (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) सतत डिवचत राहतो, त्या वाढत राहतात आणि कधीतरी एखादी बिघडते. सीडी४ पन्नासच्या खाली गेला की मेंदूतला लिम्फोमासुद्धा होऊ शकतो. १९९६ नंतर चांगल्या गोळ्या आल्या आणि हे प्रमाण खूप उतरलं, तरी एचआयव्ही असलेल्यांत नॉन-हॉजकिन (म्हणजे हॉजकिन सोडून बाकीच्या) लिम्फोमाचा धोका इतरांपेक्षा साधारण दहापट राहतोच. तुमच्या पार्टनरचा सीडी४ एकदा ९० पर्यंत गेला होता, म्हणून आज ४२० असला तरी मी ही गाठ हलक्यात घेणार नाही. हॉजकिन तर सीडी४ बरा असतानाही होतो.

तुमचं म्हणाल तर तुम्ही निगेटिव्ह आहात, आणि पार्टनर अनडिटेक्टेबल आहे तोवर सेक्समधून तुम्हाला एचआयव्ही लागत नाही. लिम्फोमा तर एकाचा दुसऱ्याला लागतच नाही. तुमच्याबाबत मी कुणाही पुरुषाला विचारतो तेच विचारेन: घरात कुणाला झालाय का, संधिवातासारखा आजार आहे का, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेता का. एवढंच जास्तीचं, की हिपॅटायटिस सी एकदा तपासून घ्या, त्यामुळेही लिम्फोमा होऊ शकतो आणि हिपॅटायटिस सी बहुतेक वेळा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. आणि पायाला जखम झाली म्हणून जांघेत अवधान (दुखरी गाठ) आलं तर घाबरू नका, ते उतरतं.

बायोप्सीला जाताना सर्जनला एचआयव्हीचं स्पष्ट सांगा, २०१७ च्या कायद्यानुसार त्या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत. नुसती सुई घालून भागेल म्हणाले तर शक्य असेल तिथे अख्खी गाठ काढायला सांगा, लिम्फोमा नेमका कुठला ते सुईच्या थेंबावरून नीट कळत नाही. आणि एक नक्की बघा, गाठीचे दोन तुकडे करायला सांगा, एक फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणारं रसायन) लिम्फोमाच्या तपासणीसाठी, दुसरा साध्या सलाईनमध्ये टीबीच्या तपासणीसाठी, कारण अख्खी गाठ फॉर्मलिनमध्ये बुडवली की टीबीचं कल्चर (जंतू वाढवून बघणं) होत नाही आणि पुन्हा कापावं लागतं. रिपोर्ट आला की मला कळवा, दोघांपैकी कुणीही लिहा.