शुगर शिऱ्याने वाढलेली नाही

"माझ्या बारा वर्षांच्या मुलाला ए.एल.एल. हा रक्ताचा कॅन्सर आहे. केमोच्या तिसऱ्या आठवड्यात शुगर ३८० निघाली, इन्सुलिन सुरू झालं. सासूबाई म्हणतात, तूच शिरा भरवलास. रात्री तो भुकेने रडतो. हे आता जन्माचं का? स्टेरॉइडची गोळी एखाद्या दिवशी चुकवली तर?"
– एक आई, बार्शी

ताई, गोळी चुकवू नका, एकही नाही. कॅन्सरच्या पेशी मारण्यात तिचा मोठा वाटा आहे आणि ती परस्पर बंद केली तर जिवावर बेतू शकतं. शुगर इन्सुलिनने आटोक्यात ठेवता येते.

आता शिऱ्याचं. स्टेरॉइडमुळे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, यकृतही जास्त साखर सोडतं. याच टप्प्यात दिलं जाणारं अ‍ॅस्पॅराजिनेजचं इंजेक्शन इन्सुलिन तयार होणंच कमी करतं. दोन्ही एकदम चालू असली की शुगर चढते, दहा वर्षांवरच्या मुलांत जास्तच. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही, हे अगदी मनापासून सांगते.

बहुतेक मुलांची शुगर ही औषधं थांबली की उतरते. पुढच्या टप्प्यात स्टेरॉइड पुन्हा आलं तर पुन्हा चढू शकते, तेव्हा आधीच विचारून ठेवा. स्टेरॉइड कमी होताना इन्सुलिनही कमी करावं लागतं. घाम, थरथर दिसली तर लगेच शुगर तपासा, कमी असेल तर साखरपाणी द्या. सकाळच्या स्टेरॉइडने शुगर दुपारनंतर चढते, म्हणून नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यावर निर्धास्त राहू नका.

रात्रीची ती भूक स्टेरॉइडची आहे, हट्ट नव्हे. त्याला उपाशी झोपवू नका हो! मुगाचं गरम धिरडं, पूर्ण उकडलेलं अंडं द्या. इन्सुलिनच्या वेळेशी ते कसं बसवायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. सरबत, ग्लुकोज पावडर, बिस्किटं नकोत. कुणी कारल्याचा रस सुचवेल, तोही नको. केमोत कच्च्या रसातून जंतुसंसर्गाची भीती असते.

उलट्या, पोटात जोरात दुखणं, गुंगी किंवा ताप, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

आणि पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या. त्यांच्यासमोरच डॉक्टरांना विचारा, "शुगर कशाने वाढली?" नातवाच्या काळजीपोटीच त्या बोलत असणार, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांना पटेल.