घरासाठी इनडोअर टेबल टेनिस टेबल कोणते घ्यावे: १२ मिमी, १८ मिमी की सुताराकडून बनवून?

आपण विचारले आहे की, घरातला हॉल १८ फूट बाय १२ फूट आहे, मुले नऊ आणि बारा वर्षांची आहेत, दुकानदार 'घरच्या वापराला १२ मिमी जाडीचे टेबल पुरे' म्हणतो आणि सासरे 'ओळखीच्या सुताराकडून निम्म्या पैशांत करून घ्या' म्हणतात, तर कोणाचे ऐकावे. माझे मत विचाराल तर दोघांचेही ऐकू नका. १८ मिमी किंवा त्याहून जाड फळीचे, पूर्ण मापाचे, चाकांचे आणि दुमडून ठेवता येणारे टेबल घ्या. ते आत्ता परवडत नसेल तर टेबल पुढच्या वर्षी घ्या आणि तोवर मुलांना जवळच्या जिमखान्यात पाठवा. इतक्या ठामपणे सांगते आहे, कारण सुताराने बनवलेल्या टेबलावर शिकलेल्या मुलाचे काय होते, हे मी आमच्याच घरात पाहिले आहे आणि त्यावरून सुरू झालेला वाद आमच्याकडे अजूनही मिटलेला नाही.

आमचे घर रत्नागिरीचे. लग्नाआधी मी मुंबईत विद्यापीठाच्या संघातून टेबल टेनिस खेळत असे, आणि माझे पाहून थोरल्या दिरांच्या मुलाला या खेळाची गोडी लागली. भाऊजींनी टेबल घ्यायचे ठरवले तेव्हा मी दोन चांगल्या कंपन्यांची नावे सुचवली होती. पण घराची दारे, खिडक्या आणि देव्हारा ज्यांच्या हातचा आहे ते आमचे नेहमीचे सुतार 'हे काय, आठ दिवसांत करून देतो' म्हणाले आणि विषय संपला. सुतारांच्या कसबाबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. अडचण त्यांच्या हातात नव्हती, प्लायवूडच्या मापात होती, आणि ती मी आधीच सांगितली होती.

टेबल ९ फूट बाय ५ फूट असते, म्हणजे जाळीच्या एका बाजूचा अर्धा भाग साडेचार फूट बाय पाच फूट होतो. बाजारात प्लायवूडचा जो ताव सर्रास मिळतो तो ८ फूट बाय ४ फुटांचा. चार फूट रुंदीच्या तावातून साडेचार बाय पाचचा अखंड तुकडा कसाही कापला तरी निघत नाही, त्यामुळे प्रत्येक अर्ध्या भागाला अर्ध्या फुटाची पट्टी जोडावीच लागते. आमच्या सुतारांनी ती पट्टी शेवटच्या रेषेच्या बाजूला घेतली, सांध्याखालून रीप मारली, वर सनमायका लावला, सनमायकालाही त्याच जागी आलेल्या सांध्यात लांबी (पुट्टी) भरली आणि तो इतका सफाईने घासला की बोट फिरवूनही कळू नये. दिसायला ते टेबल देखणे होते. येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा त्याचे कौतुक करत असे.

आता या खेळात चांगला खोल मारलेला चेंडू पडतो कुठे, तर नेमका त्या शेवटच्या अर्ध्या फुटात. तिथे एक चेंडू रिपेवर पडून ताडकन उसळे आणि त्याच्या शेजारी चार बोटांवर पडलेला दुसरा चेंडू जागीच बसे. त्यात सनमायका चकचकीत होता. खेळाच्या नियमांनुसार टेबलाचा पृष्ठभाग एकसारख्या गडद रंगाचा आणि बिनचमकेचा असावा लागतो, आणि त्यामागे शोभेपलीकडचे कारण आहे. टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने फिरकी, दिलेला चेंडू पडल्यावर पृष्ठभागाला पकडतो आणि पुढे झेपावतो. गुळगुळीत पृष्ठभागावर ही पकडच मिळत नाही आणि चेंडू खालून सरपटत जातो. माझा पुतण्या हुशार होता, त्याने या टेबलाशी जुळवून घेतले. चेंडू मेलेलाच येणार असे धरून तो बॅटचे तोंड उघडे, म्हणजे वरच्या बाजूला कललेले, ठेवून प्रत्येक चेंडू खालून उचलू लागला. घरी तो सगळ्यांना हरवत असे. मी त्याला बॅट झाकून, म्हणजे पुढे कलवून, मारायला सांगितले की, तसे मारल्यावर चेंडू जाळीत जाई आणि त्याचा विश्वास माझ्या सांगण्यापेक्षा समोर दिसणाऱ्या निकालावर बसे. त्या वयात तसे होणे स्वाभाविक आहे.

मग जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत, १४ वर्षांखालील गटात, तो पहिल्यांदा खऱ्या टेबलावर उतरला. समोरचा मुलगा काही फार मोठा खेळाडू नव्हता, साधा टॉपस्पिन करत होता. पण चेंडू आमच्या घरच्यापेक्षा वर आणि वेगाने येत होता आणि पुतण्याची उघडी बॅट तो थेट टेबलापलीकडे फेकत होती. पाच-सहा चेंडू ओळीने बाहेर गेल्यावर त्याने एकदा बॅटकडे पाहिले, रबरावरून तळवा फिरवला आणि मग टेबलाच्या कडेला बोटाने चाचपून पाहिले. काय बिघडले आहे ते त्याला कळत नव्हते. पहिल्याच फेरीत तो सरळ गेममध्ये हरला. परत येताना भाऊजी गाडीत म्हणाले, 'पोरात जिगर नाही.' हे वाक्य मला आजही सहन होत नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने खेळणे सोडले, आणि घरात आजपर्यंत असेच सांगितले जाते की, त्याला खेळ जमला नाही.

भाऊजींचे म्हणणे दोन मुद्द्यांवर उभे असते. पहिला मुद्दा असा की, आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या नियमातच टेबलाचा पृष्ठभाग 'कोणत्याही साहित्याचा' चालेल असे लिहिले आहे. हे खरे आहे. पण त्याच वाक्यात पुढे असेही म्हटले आहे की, ३० सेंटिमीटर उंचीवरून सोडलेला प्रमाणित चेंडू सर्वत्र एकसारखा, साधारण २३ सेंटिमीटर उसळला पाहिजे. मी मुलीची ३० सेंटिमीटरची फूटपट्टी टेबलावर उभी धरून त्यांच्यासमोर चेंडू सोडून दाखवला. मध्यभागी तो २१ च्या आसपास येत होता, रिपेवर २४ च्याही वर जात होता आणि रिपेच्या शेजारी १८ ला थांबत होता. भाऊजी म्हणाले, 'पाचसहा सेंटिमीटरने काय होते?' ज्या खेळात मनगटाच्या किंचित फरकाने चेंडू जाळीत किंवा बाहेर जातो, तिथे पाचसहा सेंटिमीटरने सगळेच होते.

दुसरा मुद्दा असा की, खेळाडूत दम असेल तर साधन दुय्यम ठरते. ज्यांना असे वाटते त्यांनी १९५२ साली आपल्याच मुंबईत झालेली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आठवावी. जपानचा हिरोजी सातोह जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. त्या बॅटीवरून चेंडूचा आवाजच येत नसे, त्यामुळे समोरच्याला फटक्याचा अंदाज बांधता येईना, आणि तोवर फारसे कोणाला माहीत नसलेला हा खेळाडू पुरुष एकेरीत जगज्जेता झाला. तिथे एका थराच्या स्पंजने जगातल्या नामवंत खेळाडूंची गणिते चुकवली. मग बारा-तेरा वर्षांच्या मुलाने सदोष टेबलावर सवयी घडवाव्यात आणि चांगल्या टेबलावर जिंकून दाखवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आता आपल्या १२ मिमीच्या प्रश्नाकडे येते. फळी पातळ असली की चेंडूच्या आघाताने ती किंचित दबते आणि उसळी खाऊन टाकते. खालच्या लोखंडी चौकटीच्या नळीवर मात्र ती दबत नाही, म्हणून तिथे चेंडू जास्त उडतो. सुताराच्या रिपेने जे झाले तेच इथे थोड्या कमी प्रमाणात होते. शिवाय पातळ फळी काही वर्षांत मध्ये झोल खाते. म्हणून १२ मिमीवर शिकणाऱ्या मुलांच्या सवयी बिघडणार, हे मी निःशंकपणे सांगते. १८ मिमी घरासाठी योग्य आहे. २५ मिमी उत्तमच, कारण क्लबांत आणि स्पर्धांत सहसा तीच जाडी असते. फक्त वजनाचा विचार करा. १८ मिमीच्या अर्ध्या भागाची नुसती फळीच साधारण २५ किलो भरते, २५ मिमीची ३५ किलोच्या आसपास जाते, आणि चौकट, पाय, चाके यांचे वजन निराळे. लिफ्टचे दार आणि जिन्याचे वळण आधी मोजून घ्या, कारण साडेचार बाय पाच फुटांचा सपाट भाग प्रत्येक लिफ्टमध्ये मावत नाही.

दुकानात जाताना फूटपट्टी, नवा थ्री-स्टार (स्पर्धेच्या दर्जाचा) चेंडू आणि सुताराची पाणसळ घेऊन जा. दुकानदाराला विचित्र वाटले तरी चालेल. चेंडू मध्यभागी, चारही कोपऱ्यांत, शेवटच्या रेषेलगत आणि खालची नळी जिथून जाते त्या जागेवर सोडून पाहा. सगळीकडे उसळी सारखी आली तर पुढे बोला. दोन्ही अर्धे भाग जिथे भेटतात तिथे नखाची कड फिरवा. नख अडकले तर पातळीत फरक आहे, आणि पायांखालच्या फिरकीच्या स्क्रूने तो निघत नसेल तर ते टेबल घेऊ नका. एक भाग उभा करून मुलाला एकट्याला सराव करता येईल असे टेबल मिळाले तर अवश्य घ्या. जाळीची उंची १५.२५ सेंटिमीटर असते आणि ती टेबलाच्या दोन्ही बाजूंना तेवढीच बाहेर आलेली असते. टेबलासोबत फुकट मिळणारी जाळी बहुधा सैल असते, ती बदलायला फार खर्च येत नाही. कुलूप मात्र नीट पाहा. दुमडून उभे केलेले टेबल लहान मुलाच्या अंगावर कलंडले तर गंभीर इजा होते, म्हणून उभे केल्यावर आपोआप अडकणारी खिट्टी नसेल तर बाकी सगळे चांगले असूनही ते टेबल नाकारा.

इनडोअर टेबलाची फळी बहुधा पार्टिकल बोर्डाची किंवा एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेली, असते आणि दोन्हींचे पाण्याशी वैर आहे. गॅलरीत, पडवीत किंवा पत्र्याखालच्या गच्चीत ते ठेवू नका. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत कडा आधी फुगतात आणि एकदा फुगलेली कड पुन्हा बसत नाही. घरातल्या मोठ्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की, त्यावर ओले कपडे वाळत पडणार नाहीत, इस्त्री होणार नाही आणि उन्हाळ्यात पापडही घातले जाणार नाहीत. ओल्या फडक्याने पुसू नका, किंचित दमट फडके फिरवून लगेच कोरडे करा. टेबलावर उन्हाची तिरीप येत असेल तर पडदा लावा.

हॉलचे माप पाहता आपल्याकडे प्रत्येक टोकाला साडेचार फूट आणि प्रत्येक बाजूला साडेतीन फूट जागा उरते. आंतरराष्ट्रीय सामन्यांना साधारण ४६ फूट बाय २३ फूट जागा लागते, त्या मानाने ही फारच कमी आहे. तरी या वयाच्या मुलांना पुश (चेंडू हलकेच ढकलणे), ब्लॉक (आलेला फटका अडवणे) आणि टेबलाजवळचा फोरहँड (बॅटच्या हाताच्या बाजूचा फटका) शिकायला ती चालेल, मात्र सोफा हॉलमधून हलवावा लागेल. मागे सरून टॉपस्पिन खेळता येणार नाही, त्यासाठी आठवड्यातून एकदोनदा जिमखान्यात जावेच लागेल. जागा वाचावी म्हणून आठ बाय चारचे किंवा मुलांचे लहान टेबल कृपा करून घेऊ नका. त्यावर कोनांचा अंदाज चुकीचा बसतो आणि तो सुधारायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

हे सगळे मी शिकणारी मुले डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. घरातली मोठी माणसे जेवणानंतर अर्धा तास गंमत म्हणून खेळणार असतील तर १५ किंवा १६ मिमीचे टेबलही पुष्कळ झाले. वापरलेले २५ मिमीचे टेबल एखादा क्लब विकत असेल आणि त्याच्या कडा फुगलेल्या नसतील, तर नव्या १८ मिमीपेक्षा मी तेच घेईन. भाड्याच्या घरात राहत असाल तर दोन सुटे भाग असलेले टेबल घ्या, ते हलवणे सोपे जाते.

आणि सासऱ्यांचा मान राखायचा असेल तर त्यांच्या सुताराला काम जरूर द्या, फक्त टेबलाचे देऊ नका. अडीच फूट उंचीच्या, गडद निळ्या किंवा हिरव्या रंगाच्या, पायावर उभ्या राहणाऱ्या चारपाच हलक्या फळ्या करून घ्या आणि त्या दोन्ही टोकांना भिंतीलगत उभ्या करा. चेंडू कपाटाखाली जाणार नाही, आणि आपल्या भिंती पांढऱ्या असतील तर पांढरा चेंडू त्यात हरवण्याचा मुलांचा त्रासही बराच कमी होईल.