तिच्याजवळ कोण झोपते?

सोलापूर

प्रिय मुली,

तुझे सहा पानी पत्र मी दोनदा वाचले. मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातल्या विस्थापितांच्या त्या शिबिरात तू गेले तीन महिने आरोग्य शिक्षणाचे वर्ग घेतेस, बायका येतात पण भिंतीकडे बघत बसतात, तुला त्यांची मैतेईलोन भाषा येत नाही, दुभाषी मुलगी कधी असते कधी नसते, आणि आता तुला वाटते की परत येऊन सोलापुरातच एखाद्या दवाखान्यात रुजू व्हावे. शिबिरातल्या त्या एकोणीस वर्षांच्या, आठवा महिना लागलेल्या मुलीविषयी तू दीड पान लिहिले आहेस. तिचे हिमोग्लोबिन, पायांवरची सूज, गोळ्या घेण्यातली टाळाटाळ, ३ मे २०२३ ला सुरू झालेल्या मैतेई-कुकी हिंसाचारात जळून गेलेले तिचे घर, दुसऱ्या शिबिरात राहिलेली तिची आई, हे सर्व त्यात आहे. रात्री तिच्या शेजारच्या चटईवर कोण झोपते, हे मात्र त्या दीड पानात कुठेही नाही. मला तुझा राग आला तो तेवढ्याचसाठी.

तुझ्या वयाची असताना मीही ते विचारले नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, जखमींच्या गाड्या सोलापुरात येऊ लागल्या, आणि पुढे काही महिन्यांनी मला तिकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये गरोदर बायकांच्या कामावर पाठवण्यात आले. तिथे एक बाई होती. तिची सासू आणि जाऊ दोघी ढिगाऱ्याखाली गेल्या होत्या. मागे उरले होते नवरा, सासरे आणि बारा वर्षांची नणंद. धोक्याची लक्षणे मी तिच्याकडून इतकी घोटून घेतली होती की ती मला तोंडपाठ म्हणून दाखवायची, आणि माझ्या वहीत तिच्या नावापुढे मी 'लक्षणे समजली' असे लिहून खाली सही केली होती. ती संध्याकाळी शेडमध्येच बाळंत झाली. सुईण परगावची होती, ती वार पडल्यावर निघून गेली. रात्री रक्त जाऊ लागले तेव्हा बाळंतिणीजवळ पुरुषांनी जायचे नाही म्हणून नवरा आणि सासरे बाहेर बसले होते, आणि आत ती बारा वर्षांची पोर एकामागून एक लुगड्याचे धडपे बदलत होती. बाळंतपणानंतर वाईट रक्त जावेच लागते, असे तिने मोठ्या बायकांकडून ऐकले होते. बाळंतीण आधी बोलत होती, मग गुंगीत गेली, आणि पोरीला वाटले की दमून झोप लागली. मदतकार्याची जीप रात्रभर रस्त्यावर उभी होती. सकाळी मी पोहोचले तेव्हा सारे संपले होते. तिला सर्व माहीत होते, मुली. पण बेशुद्ध बाईच्या माहितीचा उपयोग कोणाला?

म्हणून मी तुला पुन्हा पुन्हा विचारणार आहे, आणि तू कंटाळलीस तरी विचारणार आहे: तिच्याजवळ कोण झोपते? डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा सुजला आहे, हे गरोदर बाईला स्वतःला कळते. पण झटका आला की तिला काहीच कळत नाही. अंगावरून जास्त जाते आहे हे तिला पहिल्या काही मिनिटांत कळेल, पुढे कळणार नाही. शंभर गरोदर बायकांपैकी सुमारे पंधराजणींना गंभीर गुंतागुंत होऊ शकते असे आपण धरून चालतो, आणि त्या पंधरा कोणत्या हे आधी सांगता येत नाही. म्हणजे प्रत्येकीजवळ जाणती सोबतीण असायला हवी. घरात हे आपोआप घडते, कारण सासू, आई, जाऊ, शेजारीण अशी एक साखळी असते. विस्थापन सर्वांत आधी ती साखळीच तोडते. किल्लारीत ती भूकंपाने तोडली, तुझ्याकडे माणसांनी माणसांना हाकलून तोडली. शिबिरातल्या बाईचे घर गेले हे सर्वांना दिसते. तिची रात्रीची सोबत गेली हे कोणाच्या तक्त्यात येत नाही.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली मांडलेले, बाळंतपणातल्या मृत्यूंमागचे तीन विलंब तुला मीच शिकवले होते: निर्णय घेण्यातला, पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. तुझी सहा पाने दुसऱ्या आणि तिसऱ्या विलंबाच्या तक्रारींनी भरली आहेत, आणि त्या तक्रारी खोट्या नाहीत. कुकी लोकांच्या चुराचांदपूरच्या बाजूला काम करणारी तुझी मैत्रीण लिहिते की तिथल्या बायकांना इम्फाळची मोठी रुग्णालये बंद झाल्यासारखीच आहेत आणि मिझोरममधल्या आयझॉलची वाट धरावी लागते. ती वाट तू किंवा मी आखूड करू शकत नाही. पण जिथे वाट लांब, तिथे पहिल्या विलंबाचा प्रत्येक अर्धा तास महाग, आणि तो अर्धा तास शेजारच्या चटईवरच्या बाईच्या हातात असतो. तिला शिकव. गरोदर बाईला शिकवू नकोस असे मी म्हणत नाही. तिला एकटीला शिकवू नकोस, एवढेच म्हणते.

आता भाषेविषयी. माझी तेलुगू आजही मोडकीच आहे, आणि इथल्या तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगारांच्या वस्त्यांत मी पंधरा वर्षे काम केले. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा असतो, मांडीवरचे सूप खाली ठेवायला बाईला सवड नसते, तिथे माझे व्याख्यान कोण ऐकणार? म्हणून मी व्याख्यान सोडले. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीत पाणी भरून त्यात कुंकू कालवायचे आणि जुन्या लुगड्यावर सर्वांसमक्ष ओतायचे. अर्धा लिटर रक्त कापडावर केवढे पसरते ते एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढचे चार शब्द मोडक्या भाषेतही पुरतात. हे तू उद्या करू शकतेस, त्याला दुभाषी लागत नाही. मात्र अट एकच, जी मी तेव्हाही घातली होती: प्रत्येक गरोदर बाईने आपली सोबतीण बरोबर आणायची, आणि कापडाच्या जवळ बसायचे ते सोबतिणीने. जिला सोबतीण नाही तिला त्याच दिवशी, तिथेच शोधून द्यायची. सुईणींच्या प्रशिक्षणातल्या पाच स्वच्छता आपण पूर्वी शिकवत असू, हात, जागा, पाते, नाळेचा दोरा आणि नाळेचे टोक. शिबिरात प्रसूतीचे पाकीट वाटतेस तेव्हा तेही सोबतिणीच्या हाती दे आणि तिच्याकडून उघडून घे. बाळंतपणानंतरचे रक्त आटोक्यात ठेवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनला दोन ते आठ अंशांची थंडाई लागते, ती तुमच्याकडे वीज गेली की संपते. म्हणून त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देत असाल तर त्या मूल बाहेर आल्यावरच, आणि पोटात दुसरे मूल नाही याची खात्री करूनच घ्यायच्या, हे गरोदर बाईपेक्षा सोबतिणीला पक्के ठाऊक असले पाहिजे. त्या घाईत बाळंतीण गोळ्या मोजत बसणार नाही.

सोबतिणी आणायच्या कुठून, असे तू विचारशील. तू ज्या लोकांत आहेस तिथे मैरा पायबी आहेत, मशाली घेऊन रात्री गस्त घालणाऱ्या बायका. त्यांच्या राजकीय भूमिकेविषयी तुझे मत काहीही असो, रात्री जागण्याची सवय असलेल्या बायका तुझ्या शिबिराच्या दाराशी आहेत आणि तू त्यांच्याविषयी एक ओळ लिहिलीस, तीही त्यांनी तुला ओळखपत्र मागितले म्हणून! त्यांच्यापैकी ज्यांच्याजवळ शिबिरातल्या बायका निर्धास्त बसतात अशा दोघींना गाठ. तुझ्या मैत्रिणीला चर्चमधल्या महिला मंडळांकडे जायला सांग.

कदाचित तुला वाटत असेल की बाईंचे एकच टुमणे चालू आहे. तसे माझ्या वरिष्ठांनाही वाटत असे. महिन्याच्या अहवालात किती वर्ग, किती उपस्थिती, एवढेच रकाने असत, आणि मी वर्ग कमी घेऊन जोड्या जमवत बसे. त्यामुळे माझा आकडा नेहमी खाली राहिला. माझ्यामागून आलेल्या पुढे गेल्या आणि मी वस्तीतच राहिले. त्याचे मला वाईट वाटले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. पण माझी वही मीच ठेवत होते, आणि तीत प्रत्येक गरोदर बाईच्या नावापुढे दुसऱ्या एका बाईचे नाव असे. किल्लारीच्या वहीत तो रकाना नव्हता. मी हट्टीपणा केला असेल, तर तो त्या रकान्यासाठी केला, आणि आजही कोणी विचारले तर मी तेच करीन.

डॉ. कोटणीसांच्या गावची मुलगी म्हणून निघताना भैय्या चौकातल्या स्मारकाला नमस्कार करून गेलीस, असे तुझ्या आईने सांगितले. ते १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. आपण त्यांच्या शस्त्रक्रियांच्या गोष्टी सांगतो. ते चिनी भाषा शिकले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवत होते, हे सांगायचे विसरतो. तुझे तर तीनच महिने झाले आहेत. परत यायचे असेल तर ये, मी दार लावून घेणार नाही. पण आठवा महिना लागलेल्या त्या मुलीला सोबतीण मिळण्यापूर्वी येऊ नकोस. तिच्या एका अंगाला भिंत आहे, एवढे तू लिहिले आहेसच. दुसऱ्या अंगाला कोण झोपते ते आज रात्री कंदील घेऊन पाहा, आणि त्या बाईचे नाव मला कळव.

तुझी,
बाई