महापौर तुमच्या मतयंत्रावर नाही : सांगलीच्या वाचकांचे प्रश्न

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ ला मतदान होतं, दुसऱ्या दिवशी मोजणी. त्याआधी कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, रिक्षात उमेदवारांचीच चर्चा चालू होती. वाचकांनी तेव्हा पाठवलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत, उत्तरंही मतदानाआधीचीच आहेत.

आमच्या प्रभागात एका पॅनेलचे कार्यकर्ते सांगत फिरतायत, ‘आमचाच माणूस महापौर होणार, मत वाया घालवू नका.’ साताऱ्यात लोकांनी नगराध्यक्ष थेट निवडला. मग आपल्याकडे असं का?
– एक वाचक, मिरज

साताऱ्यात नगरपरिषद आहे, आपल्याकडे महापालिका. दोन्हींचे कायदेच वेगळे. सातारकरांनी २ डिसेंबर २०२५ ला सदस्यांसोबत नगराध्यक्षासाठीही मत दिलं. आपल्याकडे लोक फक्त नगरसेवक निवडतात आणि निवडून आलेले ७८ जण सभागृहात हात वर करून महापौर ठरवतात, तोही अडीच वर्षांपुरता.

त्यात या वेळी महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानाआधी निघालेलीच नव्हती. पद खुलं राहणार, महिलेला जाणार की एखाद्या प्रवर्गाला, हे मोजणीनंतरच कळणार होतं. तेव्हा ‘आमचाच महापौर’ या बोलण्याला काही आधार नव्हता. तेवढ्यासाठी मत देऊ नका.

आकड्यांचाही भरवसा नसतो. २०१८ ला भाजपचे ४१ नगरसेवक आले होते, बहुमताला ४० लागतात. तरी २०२१ च्या फेब्रुवारीत महापौर राष्ट्रवादीचा झाला, कारण भाजपच्याच काही नगरसेवकांनी ऐनवेळी साथ सोडली. व्हीप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. महापालिकेपुरता तो निकाल विभागीय आयुक्तांकडे लागतो, पण सुनावण्यांत मुदत निघून जाते. म्हणून उमेदवार दारात आला की त्याला एकच विचारा : मागच्या पाच-सात वर्षांत किती पक्ष झाले, आणि का? उत्तर देताना तो कुणाचं नाव पुढे करतो, ते नीट ऐका.

एका मतदाराला चार मतं आहेत म्हणे. चारही एकाच पक्षाला द्यावी लागतात का? आणि ‘अ’ जागा राखीव असेल तर आम्ही खुल्या प्रवर्गातले तिथं मत देऊ शकतो का?
– शामरावनगर, सांगली

देऊ शकता, नव्हे, द्यायचंच आहे. आरक्षण उमेदवाराला असतं, मतदाराला नाही. वीस प्रभागांपैकी अठरांत चार-चार जागा (अ, ब, क, ड) आहेत आणि दोनांत तीन-तीन. जितक्या जागा तितकी मतं.

‘पॅनेल टू पॅनेल’ हा प्रचाराचा शब्द आहे, कायद्याचा नाही. ‘अ’ मध्ये एका पक्षाचा, ‘ब’ मध्ये अपक्ष, ‘क’ मध्ये तिसऱ्याच पक्षाची बाई, असं बिनधास्त करता येतं. गडबड होते ती दुसरीकडेच. माणूस ओळखीच्या चिन्हाचं एक बटण दाबतो, दिवा लागला की झालं समजून निघतो. यंत्र तिथंच अडकतं, मागे रांग खोळंबते, केंद्रावरचे कर्मचारी हाका मारतात आणि मग घाईत उरलेली बटणं कशीही दाबली जातात. प्रत्येक जागेची यादी वेगळी असते आणि तिच्या शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असतं. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर तेच दाबा, पण ती जागा सोडू नका. शेवटचं मत पडल्यावर लांब बीप वाजतो, तो ऐकल्याशिवाय बाहेर पडू नका. विधानसभेला दिसणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी इथे नसते, ती शोधत थांबू नका.

घरात म्हातारी माणसं असतील तर आदल्या रात्री चार जागांची चार नावं आणि चिन्हं कागदावर लिहून त्यांच्याकडून दोनदा म्हणून घ्या. केंद्रात तो कागद मिरवू नका.

यादीत नाव शेजारच्या प्रभागात गेलंय. आता काय करायचं?
– कुपवाड

आता दुरुस्ती होत नाही. १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी फोडूनच प्रभागांच्या याद्या केल्या आहेत. नाव जिथे आहे तिथेच मत द्या. चिठ्ठी घरी आली नाही तरी चालतं. मतदार ओळखपत्र, आधार, पॅन किंवा वाहन परवाना यांपैकी एक मूळ कागद न्या. वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच.

गल्लीतला काँक्रीटचा रस्ता आपणच आणला असं दोन माजी नगरसेवक सांगतात. दोघांचेही फलक लागलेत. खरं कोण?
– विश्रामबाग

आधी रस्ता कधीचा ते बघा. मागच्या सभागृहाची मुदत २०२३ च्या ऑगस्टमध्ये संपली. तेव्हापासून निवडणुकीपर्यंत प्रशासकच कारभार बघत होते. त्यानंतर मंजूर झालेल्या कामाला कुठल्याही नगरसेवकाचा हात वर झालेला नाही, कारण नगरसेवकच नव्हते. पाठपुरावा केला असेल, पत्रं दिली असतील, त्याची किंमत आहेच. पण मग ते पत्र मागा : तारीख आणि आवक क्रमांक असलेलं. आमदार निधी किंवा जिल्हा नियोजनच्या पैशातलं काम असेल तर कामाच्या फलकावर तसं लिहिलेलं असतं. प्रचाराचा फलक आणि कामाचा फलक यांत फरक आहे.

काम त्याआधीचं असेल तर महासभेचं आणि स्थायी समितीचं इतिवृत्त बोलतं. स्थायीत सोळा सदस्य असतात आणि मोठ्या निविदांना मंजुरी तिथेच मिळते. नगरसचिव कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, आणि ‘अमुक सदस्याची पाच वर्षांतली महासभांची हजेरी व मांडलेले प्रस्ताव’ एवढंच मागा. ‘सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलं तर अर्ज हमखास लटकतो. उत्तराला तीस दिवसांची मुदत असल्याने या निवडणुकीला ते हाती येणार नाही. तरी अर्ज आत्ताच टाका, पुढच्या पाच वर्षांसाठी मोजपट्टी तयार होते.

उमेदवारांचं ॲफिडेव्हिट लोक वाचतच नाहीत. त्यात बघायचं काय?
– एक वाचक, सांगली

सगळे मालमत्तेच्या रकमेवर बोट ठेवतात. रक्कम मोठी असणं हा गुन्हा नाही. आधी व्यवसायाचा रकाना वाचा, मग भागीदारी आणि कर्जाचा. महापालिकेच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा असेल तर माणूस अपात्र ठरतो. तो हिस्सा उघड लिहिलेला क्वचितच सापडतो, पण पत्नीच्या नावची फर्म, एकाच भागातले पाच-सहा प्लॉट यांतून अंदाज येतो. मग गुन्ह्यांचा रकाना. आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा एका तागडीत घालू नका. कलम वाचा, दोषारोप निश्चित झालेत का ते वाचा. हे सगळं उमेदवाराने स्वतः लिहून दिलेलं असतं, निवडणूक अधिकारी ते तपासून खरं-खोटं ठरवत नाही. राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते मिळतं आणि केंद्राबाहेर त्याचा गोषवाराही लावतात.

पूर, सांडपाण्याचा शेरीनाला, तुंबणारं पाणी. प्रत्येक उमेदवार ‘कायमचा तोडगा’ म्हणतो. विश्वास कशावर ठेवायचा?
– कर्नाळ रोड, सांगली

नगरसेवकाच्या हातात काय आहे आणि काय नाही, ते आधी वेगळं करा. कोयनेतून, वारणेतून किती पाणी सोडायचं, अलमट्टीची पातळी किती ठेवायची, यात महापालिकेला काडीचा अधिकार नाही. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ते पाणी आपण अडवू असं सांगणारा उमेदवार तुम्हाला फसवतोय.

हातात आहे ते हे : नैसर्गिक नाले मोकळे ठेवणं, पूररेषेत परवाने न देणं, आणि विकास आराखड्यातली जागांची आरक्षणं उठवायला विरोध करणं. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. आराखड्यातलं आरक्षण बदलायचं तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली ठराव महासभेतच येतो. तो सहसा विषयपत्रिकेच्या शेवटी किंवा ऐनवेळच्या विषयांत घुसवलेला असतो. तिथे हात वर होतो आणि दोन पावसाळ्यांनी शामरावनगरसारख्या सखल भागात गुडघाभर पाणी साचतं.

शेरीनाल्याचंही तसंच. सांडपाणी उपसून धुळगावकडे न्यायची योजना आहे. ‘नवी योजना आणतो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘आहे त्या पंपांचं वीजबिल आणि दुरुस्तीची तरतूद अंदाजपत्रकात दरवर्षी बघतो’ म्हणणारा उमेदवार कामाचा. पंप बंद पडला की घाण थेट कृष्णेत जाते, मग बाकी कितीही बांधकाम झालेलं असो. दारात आलेल्या उमेदवाराला विचारा : तुमच्या प्रभागातून कोणते नाले जातात, त्यांची नावं सांगा, आणि ते कुठे बुजवलेत ते आत्ता चालत दाखवा.